बफर किती भरला, हे नेमकं कुणाला विचारायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सी भाषेत 512 बाइटचा बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) घेतलाय आणि सेन्सरच्या नोंदी एकामागून एक त्यात जोडत जाताय. किती भरलं हे बघायला दर वेळी मजकुराची लांबी मोजणारा एसटीआरलेन चालवता. कधी मजकूर अर्धाच पोहोचतो, कधी बोर्ड आपोआप रिसेट होतो. आकार सांगणारा साइझऑफ लावून पाहिलं तर उत्तर 4 येतं. मग भरलेला आकडा मिळवायचा कुठून?

आधी त्या 4 चं बघू. ॲरे मूळ फंक्शनमध्ये 512 बाइटचाच होता. तो दुसऱ्या फंक्शनकडे देताना मात्र फक्त त्याचा पत्ता गेला. 32 बिटच्या प्रोसेसरवर पत्ता 4 बाइटांचा, म्हणून साइझऑफ 4 सांगतो. तो खोटं बोलत नाही, तुम्ही त्याला पत्त्याचा आकार विचारलात. सीमधल्या बफरला आपला आकार माहीत नसतो आणि आपल्यात किती भरलंय तेही माहीत नसतं. तो म्हणजे मेमरीतली एक जागा, बस. हिशेब आपणच ठेवायचा असतो.

एसटीआरलेन हा हिशेब ठेवत नाही, तो दर वेळी पहिल्या बाइटपासून चालत जाऊन मजकूर संपल्याची खूण, म्हणजे शून्य बाइट, शोधतो. मजकुराच्या मध्ये शून्य किमतीचा बाइट आला, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा असला, तर तो तिथेच थांबतो आणि कमी आकडा सांगतो. शेवटचा शून्य लिहिलाच गेला नसेल तर बफर ओलांडून पुढे जातो आणि भलताच आकडा सांगतो. शून्य न लिहिण्यात मजकूर कॉपी करणारं एसटीआरएनकॉपी पटाईत: स्रोत नेमका मर्यादेइतका किंवा त्याहून लांब असला की ते शेवटी शून्य ठेवतच नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की हिशेब बफरसोबतच ठेवा. चार गोष्टींचा एक स्ट्रक्ट, म्हणजे एकत्र बांधलेला गट, करा: आधार म्हणजे सुरुवातीचा पत्ता, क्षमता, भरले आणि अपुरा नावाचा एक झेंडा (हो-नाही सांगणारी खूण). फंक्शनांना नुसता पत्ता न देता हा स्ट्रक्टच द्या. आणि ‘भरले’ हा आकडा अख्ख्या कोडमध्ये एकाच जागी बदला. दहा फंक्शनं आपापल्या परीने तो वाढवत असतील तर त्यातलं एक कधीतरी चुकतं, आणि चूक त्या फंक्शनमध्ये दिसत नाही, तिसऱ्याच ठिकाणी दिसते.

आता तुमच्या बोर्डाच्या रिसेटकडे येतो, कारण माझ्या मते तो इथेच आहे. तुमच्या कोडमधली ओळ मराठीत लिहिली तर अशी होते:

भरले += एसएनप्रिंटएफ(आधार + भरले, क्षमता − भरले, …)

ही ओळ मी शेकडो प्रकल्पांत पाहिली आहे. दिसायला अगदी जबाबदार, कारण उरलेली जागा सांगूनच लिहायला सांगितलंय. पण एसएनप्रिंटएफ, म्हणजे दिलेल्या जागेत मजकूर रचून लिहिणारं फंक्शन, परत काय देतं? सी भाषेच्या सी99 मानकाप्रमाणे ते ‘किती लिहिलं’ हे सांगत नाही. ‘पुरेशी जागा असती तर किती लिहिलं असतं’ हे सांगतं, शेवटचा शून्य सोडून.

उदाहरण घेऊ. क्षमता 100, भरले 90. उरली जागा 10. जोडायची नोंद 25 अक्षरांची, सगळी साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे. एसएनप्रिंटएफ 9 अक्षरं लिहितं, दहावा बाइट शून्य ठेवतं, आणि परत देतं 25. तुमचा ‘भरले’ झाला 115. इथपर्यंत मेमरीला धक्का लागलेला नाही, मजकूर फक्त कापला गेलाय. पुढच्या नोंदीला मात्र क्षमता − भरले म्हणजे 100 − 115. हे आकडे चिन्हविरहित असतात, त्यामुळे उत्तर −15 न येता 32 बिटांत 4294967281 येतं. आणि लिहायला सुरुवात होते ती बफरच्या शेवटापासून 15 बाइट पुढे. जागा चार अब्ज बाइट आहे असं सांगून तुम्ही त्याला शेजाऱ्याच्या घरात सोडलंत! काही लायब्ररी इतका मोठा आकार पाहून ऋण उत्तर देऊन थांबतात. लिनक्सच्या गाभ्यातली (कर्नलमधली) आवृत्ती इशारा नोंदवते आणि शून्य परत करते. बाकीच्या निमूट लिहीत सुटतात, आणि मग स्टॅकवरचा (फंक्शनांच्या कामाच्या मेमरीतला) परतीचा पत्ता किंवा शेजारचं व्हेरिएबल पुसलं जातं. चूक एका नोंदीत होते, बोर्ड पुढच्या नोंदीला पडतो. म्हणून ती सापडायला दिवस लागतात.

इथे तीन वेगळे आकडे आहेत आणि त्यांची नावंही वेगळी ठेवा: जागा (किती मावेल), गरज (किती लिहायचं होतं) आणि भरले (खरंच किती लिहिलं). हे तिन्ही आकडे बहुतेक वेळा एकमेकांशी जुळतात, म्हणून त्यांच्यातला फरक महिनोन्महिने दिसत नाही. मी जोडणी अशी लिहितो:

जागा = क्षमता − भरले
गरज = एसएनप्रिंटएफ(आधार + भरले, जागा, …)
गरज ऋण असेल, किंवा गरज >= जागा असेल, तर: आधार[भरले] = 0, अपुरा = खरे, परत फिरा
नाहीतर: भरले = भरले + गरज

‘>=’ कडे लक्ष द्या. गरज आणि जागा नेमकी सारखी असली तरी शेवटच्या शून्याला जागा उरत नाही, म्हणजे एक अक्षर कापलं गेलेलंच असतं. नुसतं ‘>’ लिहिलं की हा एका बाइटचा प्रसंग निसटतो. आणि तुलना करण्याआधी ऋण उत्तर वेगळं तपासा. ऋण पूर्णांक चिन्हविरहित आकड्याशी तोलला की तो प्रचंड मोठा धन आकडा होतो. या बांधणीत भरले कधीच क्षमता − 1 च्या पुढे जात नाही, म्हणून जागा किमान 1 राहते आणि वजाबाकी उलटत नाही. क्षमता शून्य असलेला बफर सुरुवातीलाच नाकारा.

नोंद मावली नाही तर मी ती पूर्ण मागे घेतो, अर्धी ठेवत नाही. यावर लोक माझ्याशी वाद घालतात, की थोडं तरी गेलेलं बरं. पण आकडा कापला गेला तर तो कापलेला दिसत नाही. 128.50 चा 12 झाला तर 12 ही पूर्ण वैध रक्कम आहे. वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. वाक्य कापलं तर माणसाला कळतं, आकडा कापला तर कुणालाच कळत नाही. म्हणून आकड्यांच्या नोंदीत पूर्ण किंवा काहीच नाही. अपुरा हा झेंडा वर गेला की आधीचा मजकूर पाठवून टाका, भरले शून्य करा आणि तीच नोंद पुन्हा लिहा.

जुनी पुस्तकं वाचून गोंधळ झाला असेल तर तोही साहजिक आहे. ग्नूची सी लायब्ररी 2.0.6 आवृत्तीपर्यंत मजकूर कापला गेला की −1 परत द्यायची, 2.1 पासून ती सी99 सारखी वागू लागली. मायक्रोसॉफ्टचं अधोरेषेने सुरू होणारं जुनं एसएनप्रिंटएफ कापताना ऋण आकडा देतं, आणि जागा संपली की शेवटी शून्यही ठेवत नाही. मानकाबरहुकूम एसएनप्रिंटएफ त्यांच्याकडे व्हिज्युअल स्टुडिओ 2015 मध्ये आलं. लिनक्सच्या गाभ्यात एससीएनप्रिंटएफ नावाचं वेगळं फंक्शन आहे, ते खरोखर लिहिलेला आकडा देतं. ते असतं तर तुमची मूळ ओळ सुरक्षित राहिली असती, पण मजकूर कापला गेल्याचं तुम्हाला कळलं नसतं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी 1998 मध्ये आणलेलं, मजकूर कॉपी करणारं एसटीआरएलकॉपी मला आवडतं. ते शेवटी शून्य नक्की ठेवतं आणि स्रोताची पूर्ण लांबी परत देतं, म्हणजे कापलं का ते एका तुलनेत कळतं. ग्नूच्या लायब्ररीत ते यायला 2023 उजाडलं. तोवर आपण सगळे ते आपापल्या फाइलीत चिकटवत होतो.

आता माझा एक अनुभव, कारण तुमच्या नोंदींत पुढेमागे मराठी मजकूर येणार असेल तर हे आत्ताच कळलेलं बरं. काही वर्षांपूर्वी दूध संकलन केंद्रावरच्या यंत्राचं फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्राम) मी लिहिलं होतं. उत्पादकाचं नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक), दर आणि रक्कम एका ओळीत जोडून पावतीवर छापायची आणि सर्व्हरला पाठवायची. नावाला 32 बाइट ठेवले होते. चाचणी इंग्रजी नावांनी केली, सगळं व्यवस्थित. कोल्हापूरकडच्या एका संस्थेने नावं मराठीत भरली आणि सकाळच्या गर्दीत यंत्र मध्येच रिसेट होऊ लागलं. बाहेर लोक किटल्या घेऊन रांगेत उभे, आणि मी फोनवर ‘बंद करून चालू करा’ सांगतोय. ती सकाळ मी विसरलेलो नाही. चूक पूर्ण माझी होती, आणि ती हीच वरची ओळ होती.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या मजकूर साठवायच्या पद्धतीत 3 बाइट घेतं. ‘ज्ञानेश्वर’ आपल्या डोळ्यांना चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. संगणकाला ती दहा चिन्हं: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. म्हणजे 30 बाइट. शेवटचा शून्य धरला की 31. बत्तीसच्या रकान्यात नुसतं नाव मावलं, आडनाव दारातच राहिलं. त्यामुळे ‘इतकी अक्षरं’ असा हिशेब करूच नका, बाइटच मोजा. एसटीआरलेन आणि एसएनप्रिंटएफ दोन्ही बाइटच मोजतात, तेव्हा भरलेल्या जागेचा आकडा बरोबर येतो. चुकतो तो आपला अंदाज.

नावासारखा मजकूर कापणं कधीकधी टळत नाही. तो कुठे कापायचा हे मात्र ठरवावं लागतं. ‘महाराष्ट्र’ हा 30 बाइटांचा शब्द 24 बाइटच्या बफरमध्ये घालून पाहा. शून्य सोडून 23 उरतात. त्यात सात चिन्हं पूर्ण मावतात, 21 बाइट, आणि आठव्या ‘ट’ चे दोन बाइट लोंबकळत राहतात. पडद्यावर तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं, आणि काही सर्व्हर असा अर्धवट बाइटक्रम आला की अख्खा संदेशच नाकारतात. उपाय सोपा आहे. जिथे कापायचं तिथला, म्हणजे गाळला जाणारा पहिला बाइट पाहा. त्याची किंमत 128 ते 191 यांच्यात असेल तर तो आधीच्या चिन्हाचा उरलेला भाग आहे. तसा बाइट असेपर्यंत कापण्याची जागा मागे न्या. एवढं केलं की ‘महाराष्’ उरतं. यूटीएफ-8 च्या दृष्टीने हे निर्दोष आहे, पण मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांना खुपतं. मी पुढे जाऊन शेवटी हलन्त उरला असेल तर तो आणि त्याच्या आधीचं व्यंजनही काढतो. देवनागरी हलन्त म्हणजे 224, 165, 141 हे तीन बाइट, ओळखायला अवघड नाही. मग ‘महारा’ राहतं. तोकडं दिसतं, पण मोडलेलं दिसत नाही. कापून झाल्यावर भरले हा आकडाही त्याच नव्या जागेवर आणायला विसरू नका.

मजकूर नसेल, कच्चे बाइट असतील तर काम सोपं: गरज आधीच माहीत असते. बाइट जसेच्या तसे उतरवणारं मेमकॉपी काहीच तपासत नाही, म्हणून आधी ‘गरज <= क्षमता − भरले’ पाहा आणि मगच कॉपी करा. ही तुलना ‘भरले + गरज <= क्षमता’ अशी लिहू नका. गरज बाहेरून, म्हणजे नेटवर्कवरून आलेली असेल तर ही बेरीज उलटून लहान होऊ शकते. वजाबाकीच्या रूपात तो धोका नाही, कारण भरले कधीच क्षमतेपेक्षा जास्त नसतं.

सॉकेटवरून, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवरून, वाचताना रीसीव्ह हे फंक्शन तुम्ही मागितले तितके बाइट देईलच असं नाही. 512 मागा, 37 मिळतील. परत आलेला आकडा धन असेल तेवढाच भरलेमध्ये घाला. शून्य म्हणजे समोरच्याने जोडणी बंद केली, −1 म्हणजे चूक. ही चूक न तपासता भरलेमध्ये मिळवली तर आकडा एकाने कमी होतो आणि आधीचा एक बाइट गुपचूप पुसला जातो. शिवाय 512 च्या बफरमध्ये 512 वाचून मग 512 व्या स्थानावर शून्य ठेवणं ही फार जुनी चूक आहे. तो बाइट बफरच्या बाहेरचा असतो. शून्य ठेवायचाच असेल तर 511 मागा.

समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवला की काय होतं हे 2014 च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतल्या हार्टब्लीड दोषाने दाखवलं. आलेल्या संदेशात ‘माझा मजकूर इतका लांब’ असा आकडा असायचा, खरोखर किती बाइट आले याच्याशी तो पडताळला जात नव्हता, आणि उत्तरात शेजारची 64 केबीपर्यंतची मेमरी बाहेर जायची. त्याच्या बरोबर उलट टोकाला 1988 चा मॉरिस वर्म, संगणकांत शिरून आपोआप पसरणारा प्रोग्राम. तो ज्यातून शिरला त्या फिंगर सेवेने 512 बाइटचा बफर ओळ वाचणाऱ्या गेट्स या फंक्शनला दिला होता, आणि गेट्सला क्षमता सांगायची सोयच नव्हती. सीच्या मानकातून गेट्स कायमचं काढायला 2011 साल उजाडलं. तुमचा बफरही 512 चाच आहे, म्हणून हे आवर्जून सांगितलं.

तुम्ही शेवटी विचारलंय की रिंग बफर (शेवटाला पोहोचला की पुन्हा सुरुवातीपासून भरणारा) घेतला तर हा त्रास वाचेल का. वाचेल, पण तिथे वेगळा हिशेब येतो. लिहिण्याची जागा आणि वाचण्याची जागा एकच असली तर बफर रिकामा आहे की पूर्ण भरलेला? नुसत्या त्या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. अर्डुइनो या छोट्या बोर्डांच्या सिरीयल लायब्ररीने एक घर कायम रिकामं ठेवून हे सोडवलं, म्हणून त्यातल्या उनो बोर्डावर 64 बाइटच्या बफरमध्ये 63 च मावतात. मला दुसरी पद्धत आवडते, जी लिनक्सच्या के-फायफो या रिंग बफरात आहे. दोन्ही आकडे मागे न गुंडाळता वाढतच जाऊ द्या. आकार दोनचा घात ठेवा, म्हणजे 32, 64, 128. भरले म्हणजे लिहिले − वाचले. घराचा क्रमांक हवा तेव्हाच आकाराने भागून बाकी घ्या. आकडे 8 बिटांचे असतील आणि लिहिले 255 वरून शून्यावर येऊन 3 झालं, वाचले 250 वर असेल, तर 3 − 250 चं 8 बिटांतलं उत्तर 9 येतं, आणि ते बरोबर आहे. फक्त सी ही वजाबाकी पूर्णांकात करून −247 देते, म्हणून उत्तर पुन्हा 8 बिटांत बसवायला विसरू नका. इथे मी एकदा अडकलोय.

लिहिणारा इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच धावणारा कोड) आणि वाचणारा मुख्य लूप असेल तर प्रत्येक आकडा एकानेच बदलायचा: लिहिले इंटरप्टने, वाचले लूपने. दोघांनी मिळून एकच ‘भरले’ कमी-जास्त करू नये. 8 बिटच्या प्रोसेसरवर 16 बिटचा आकडा दोन टप्प्यांत वाचला जातो. खालचा अर्धा 255 वाचला, तेवढ्यात इंटरप्टने आकडा 256 केला, मग वरचा अर्धा 1 वाचला, की हातात येतं 511. हे टाळायला तिथे 8 बिटचे आकडे वापरा, नाहीतर वाचण्यापुरते इंटरप्ट थांबवा. आणि आधी बाइट ठेवा, मग आकडा वाढवा. एकापेक्षा जास्त कोअर असतील तर व्होलाटाइल (आकडा दर वेळी मेमरीतूनच वाचायला लावणारा शब्द) पुरत नाही, सी11 चे ॲटॉमिक (मध्येच न तुटणारे आकडे) हवेत.

आकार किती ठेवायचा हे वेगावरून निघतं. 115200 बॉडला, म्हणजे सेकंदाला तितक्या बिटांच्या वेगाला, स्टार्ट-स्टॉप बिट धरून एका बाइटला 10 बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 11520 बाइट. 64 बाइटचा बफर साधारण साडेपाच मिलिसेकंदांत भरतो. तुमचा लूप मधेच 20 मिलिसेकंद झोपत असेल तर 230 बाइट येऊन थडकतात. त्यातले मावतील तेवढे राहतात, बाकीचे अर्डुइनोची लायब्ररी न सांगता टाकून देते. तुमचा अर्धा मजकूर इथेही हरवत असू शकतो. म्हणून बफरमध्ये आणखी दोन आकडे ठेवाच: आजवर सर्वांत जास्त किती भरलं तो, आणि किती बाइट गळाले तो. फ्रीआरटीओएस (छोट्या बोर्डांवरची ऑपरेटिंग सिस्टिम) स्टॅकसाठी हेच करतं. जागा आधी ठरावीक बाइटने रंगवून ठेवतं आणि किती रंग शाबूत आहे ते सांगतं. एकाच क्षणी बघून 512 पैकी 40 भरलेले दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. आठवड्याचा सर्वाधिक आकडा 498 निघाला की मग झोप उडते.

तपासणी कशी करायची तेही सांगतो. बफरच्या मागेपुढे आठ-आठ बाइट 170 या किमतीने भरून ठेवा. मग एकच नोंद क्षमता 1 पासून गरज + 2 पर्यंत प्रत्येक आकाराच्या बफरमध्ये लिहून पाहा. दर वेळी तीन गोष्टी बघा: कडेचे बाइट तसेच आहेत का, भरले क्षमतेपेक्षा कमी आहे का, आणि अपुरा हा झेंडा नेमका क्षमता = गरज + 1 ला खाली येतो का. दहा-पंधरा ओळींचा लूप आहे, संगणकावर ॲड्रेस सॅनिटायझर (हद्दीबाहेरचं लिहिणं-वाचणं पकडणारं साधन) लावून चालवा. जीसीसी हा कंपायलर सातव्या किंवा नंतरच्या आवृत्तीचा असेल तर मजकूर कापला जाण्याचा, म्हणजे फॉरमॅट-ट्रंकेशनचा, इशाराही चालू करा.

तुमच्या कोडमध्ये आज ती एकच ओळ बदला आणि ते दोन आकडे जोडा. आठ दिवसांनी सर्वाधिक किती आणि गळाले किती ते मला कळवा, मग 512 पुरेसे आहेत की नाही यावर बोलू.